कृष्णाकाठची वाट

माघातला रविवार. समुद्र लांब, म्हणून आम्ही नदीचाच किनारा धरला. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथून निघालो. पूर्वी हळद साठवायची पेवं इथल्याच मातीत असत. आई अजूनही त्यांच्याबद्दल बोलते.

औदुंबरला दत्ताचं दर्शन घेतलं, मग भिलवडीकडच्या काठावर थांबलो. समोरच्या वाळूवर एक ओंडका पडला होता. ऊन चढलं तसा त्याने जबडा उघडला. मगर! अंग तापलं की ती तशीच तोंड उघडं ठेवून पडून राहते. अर्धा तास आम्ही हललो नाही. तीही नाही. शेजारी मोटरीचा पाइप दुरुस्त करणारे काका म्हणाले, "आमी पाण्यात उतरायच्या आदी बगतो, बास." इतक्या साध्या सवयीवर इथे माणूस आणि मगर एकाच पाण्यावर जगतात, याचं मला फार मोल वाटतं.

दुपारी सागरेश्वर. हे उघडेबोडके डोंगर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून हिरवे झाले. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. पाणवठ्यावर चितळांचा कळप पाहिला, सांबराच्या खुरांचे नुसते ठसे.

संध्याकाळी कराडला, प्रीतिसंगमावर. कोयना आणि कृष्णा इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात.

काठावर मगर दिसली तर दगड मारू नका. लांबून बघा आणि तिला ऊन खाऊ द्या.