प्रार्थनेचा शेजार

आपल्या सुशिक्षित घरांतून 'मिशनरी' या शब्दाचा उच्चार अद्यापि दोनच सुरांत होतो. एक सूर संशयाचा : हा मनुष्य समुद्र ओलांडून आला तो आमची पोरे बाटवावयास. दुसरा कृतज्ञतेचा : याने शाळा काढल्या, दवाखाने चालविले, दुष्काळात पोरकी मुले सांभाळली. दोन्ही सुरांना इतिहासात आधार आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही. परंतु एक गोष्ट त्यात सहसा कोणी विचारीत नाही. प्रार्थना शिकविण्यासाठी जो आला, त्याला येथील प्रार्थना ऐकू आली काय? आमच्या मते परदेशी धर्मसेवेची खरी कसोटी या प्रश्नात आहे. आणि त्याचे एक विलक्षण उत्तर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या एका संताशी निगडित आहे.

अमेरिकन मराठी मिशनच्या अगदी आरंभीच्या पाद्र्यांत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नेवेल हे होते. हॉल १८१३ साली मुंबईस उतरले. नेवेल पुढे त्यांस येऊन मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला असले पाहुणे नको होते. परत पाठविण्याचे हुकूमही सुटले होते. नेवेल यांची पत्नी हॅरिएट १८१२ साली मॉरिशस बेटात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारली. स्वतः नेवेल १८२१ साली मुंबईत, आणि हॉल १८२६ साली नाशिककडील दौऱ्यात, दोघेही पटकीने गेले. अशा लोकांच्या प्रार्थनेत धैर्य नव्हते असे कोण म्हणेल? मात्र ती प्रार्थना एकाच दिशेने वाहत होती. येथील मनुष्य अंधारात आहे आणि दिवा आपल्या हाती आहे, या श्रद्धेवरच ते घर सोडून निघाले होते.

याच मिशनमध्ये पुढे जस्टिन ॲबट (१८५३–१९३२) यांनी सुमारे तीस वर्षे मुंबईस काम केले. त्यांचे वडील एमॉस ॲबट हेही अहमदनगरकडील पाद्री. म्हणजे मराठी भाषा त्यांच्या घरात आधीच आलेली होती. निवृत्त होऊन ते अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात समिट या गावी जाऊन राहिले. निवृत्त पाद्र्याने आठवणी लिहाव्यात, देणग्यांसाठी व्याख्याने द्यावीत, हा सामान्य क्रम. ॲबट यांनी निराळाच उद्योग आरंभिला. १९२६ पासून 'महाराष्ट्राचे संतकवी' ही इंग्रजी ग्रंथमाला त्यांनी सुरू केली. तीत भानुदास, एकनाथ, भिक्षुगीत, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम असे एकामागून एक भाग निघाले. महिपतीच्या 'भक्तविजया'चा अनुवाद तर पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने झाला आणि ॲबट यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. या मालेतील १९२९ सालचे एक पुस्तक 'स्तोत्रमाला' म्हणून आहे. त्यात काय आहे? ज्ञानेश्वरांपासून महिपतीपर्यंतच्या संतांच्या प्रार्थना! प्रार्थना देण्यास आलेल्या मनुष्याने आयुष्याच्या अखेरीस येथल्या प्रार्थना गोळा करून आपल्या देशबांधवांपुढे ठेवाव्या, यापरते आमच्या प्रश्नाचे उत्तर ते कोणते?

तथापि आमचे मन गुंतले आहे ते या मालेतील दासोपंतांच्या चरित्रात. दासोपंत मूळचे नारायणपेठचे. वडील दिगंबरपंत हे बेदरच्या बादशाहीतील वतनदार देशपांडे. वसूल थकला तेव्हा बादशहाने लहान दासोपंतांस ओलीस ठेवून घेतले, आणि महिन्याच्या आत रक्कम न आल्यास मुलास आपल्या धर्मात घेऊ असे बजावले, अशी आख्यायिका आहे. मुलाने दत्तात्रेयाचा धावा केला. मुदतीच्या दिवशी दत्ताजी नावाचा कोणी पाडेवार थैली घेऊन दरबारात आला, रक्कम चुकती केली आणि दिसेनासा झाला. पुढे दासोपंतांनी गोदाकाठी राक्षसभुवनास तप केले आणि अखेर अंबाजोगाईस वास्तव्य केले.

या कथेत इतिहास किती, हा संशोधकांचा प्रश्न. आम्हांस येथे अनुवादकाकडे पाहावयाचे आहे. लोकांनी आपला धर्म स्वीकारावा, हाच ज्याचा जन्माचा व्यवसाय, त्याने अशा मुलाची कथा अनुवादास घ्यावी की ज्याची प्रार्थना धर्मांतर टळावे एवढीच होती, आणि ती ऐकली गेली! धाकाने होणारे धर्मांतर आणि उपदेशाने घडणारे धर्मांतर यांत महदंतर आहे, हे आम्ही जाणतो. तरीही या पानाशी एखाद्या पाद्र्याची लेखणी अडखळती तर नवल नव्हते. कारण येथे धाव घेणारा देव त्याचा नव्हे, दत्तात्रेय आहे. ॲबट यांच्या हातून ती कथा इंग्रजीत उतरली.

मग ॲबट मनाने हिंदू झाले होते काय? तसे मानण्यास मुळीच आधार नाही, आणि तसे मानण्याची गरजही नाही. आपल्या देवघरातला दिवा मालवल्यावाचून शेजारचा दिवा दिसत नाही असे थोडेच आहे? उलट आम्हांस असे वाटते की, ज्याने स्वतः कधी कोणास आळविले आहे, त्यालाच दुसऱ्याच्या आळवणीचा सूर ओळखता येतो. निव्वळ पंडिताने दासोपंतांचा काल ठरविला असता, पोथ्यांचे पाठ ताडून पाहिले असते. 'स्तोत्रमाला' करावी असे त्यास कदाचित सुचलेही नसते.

आणि येथेच आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या माणसाची अडचण उभी राहते. आजोबांची संध्या आमच्या ओठांवर राहिली नाही, पाद्र्यांची प्रार्थनाही आमची झाली नाही. सर्व धर्मांविषयी समभाव बाळगतो म्हणून आम्ही जो अभिमान मिरवितो, त्यात कित्येकदा सर्व धर्मांविषयीची उदासीनताच अधिक असते. दासोपंतांचे चरित्र आम्ही प्रथम वाचले ते ॲबट यांच्या इंग्रजीत. पुढे अंबाजोगाईस त्यांची पासोडी पाहिली. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर ओव्या आणि आकृत्या मांडून पंचीकरणाचा विषय उलगडला आहे. दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे असे सांगतात. पासोडी पाहिल्यावर ही गोष्ट खोटी वाटत नाही. एवढी शाई ज्या श्रद्धेने खर्च केली ती श्रद्धा न्यू जर्सीतल्या एका वृद्धाने ओळखली, आणि आम्ही मात्र कापडाची लांबी विचारीत होतो.

हा व्यवहार एकतर्फी राहू नये असे आम्हांस वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु तुकारामाची संगत त्यांनी सोडली नाही. तुकारामाच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. साहेबी चालींच्या भाषांतरित गीतांजागी त्यांनी अभंग आणि भजने दिली, आणि ती आजही मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत गाइली जातात. म्हणजे समुद्रापलीकडून आलेली प्रार्थना येथे आपल्याच वृत्तांत, आपल्याच भाषेत नांदते आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती ऐकली आहे? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपल्या कपाटात असतात. टिळकांचे भजन मात्र देवळाच्या भिंतीआड राहते.

अंबाजोगाईच्या संताची प्रार्थना जर एका अमेरिकन पाद्र्याला त्याचा धर्म न सोडता ऐकू आली, तर शेजारच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाची प्रार्थना आपणांस आपला धर्म न सोडता ऐकू येण्यास कोणती हरकत आहे? त्यासाठी बोटीने प्रवास करावा लागत नाही. एखाद्या रविवारी सकाळी परिचित ख्रिस्ती स्नेह्यास विचारावे आणि त्याच्याबरोबर शेवटच्या बाकावर जाऊन बसावे, एवढे पुरे आहे.