ढगाला रंग नसतो

हिंजवडीतली संध्याकाळ लाल झाली की ऑफिसच्या गच्चीवर चहा पिताना कुणीतरी म्हणतंच, "एवढी धूळ, एवढा धूर, रंग येणारच!" चाललेली बांधकामं, डंपर आणि शिवाजी चौकातली गाड्यांची रांग बघता हे पटण्यासारखंच आहे. मला मात्र धुराला एवढं श्रेय द्यायचं जिवावर येतं.

मुळात ढगाला स्वतःचा रंग नसतो. त्यातले थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची महाबळेश्वरला प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात ती ढगातच बुडालेली असते आणि तिथे हे थेंब मोजतात. थेंब प्रकाशलहरीपेक्षा कितीतरी मोठे, म्हणून सगळे रंग सारखेच विखुरतात आणि दुपारचा ढग पांढरा दिसतो. रंगाचं काम होतं ते वाटेतल्या हवेत. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये त्याचं गणित मांडलं: हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या जवळजवळ सहापट विखुरतात. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याच्या किरणांना माध्यान्हीच्या सुमारे ३८ पट हवा कापावी लागते. अरबी समुद्र, कोकण, मुळशीचे डोंगर ओलांडेपर्यंत निळा वाटेतच सांडतो. उरलासुरला केशरी-तांबडा ढगावर पडतो, आणि ढग तो आपल्याकडे धाडतो.

धुळीचे जाडे कण अशी निवड करत नाहीत. ते सगळंच मळकट करतात. म्हणून थंडीत कित्येकदा सूर्य टेकण्याआधीच धुरक्यात विझतो, आणि पावसानं हवा धुऊन निघाली की सप्टेंबर-ऑक्टोबरात ढग पेटतात. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटल्यावर जगभरच्या संध्याकाळी महिनोन्महिने लालभडक झाल्या होत्या, हे खरं. पण ते अतिसूक्ष्म कण स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचले होते. डंपरची धूळ तिथवर जात नाही.

सूर्य डोंगराआड गेला तरी गच्चीवरून लगेच खाली उतरू नये. खालचे ढग आधी करडे पडतात. सात-आठ किलोमीटरवरच्या विरळ हिमढगांना सूर्य अजून दिसत असतो, ते शेवटी रंगतात. रात्रपाळी संपवून कॅबमध्ये बसणाऱ्यांना हाच क्रम उलटा दिसतो: पुण्याच्या अंगाला आधी वरचे ढग गुलाबी, मग खालचे.

तेव्हा पुढच्या वेळी रांगेत अडकलात, तर पश्चिमेचा फोटो काढून झाल्यावर जरा मागे वळून पूर्वेकडेही बघा. तिकडचे ढगही गुलाबी झालेले असतात. अर्थात, गाडी तुम्ही चालवत नसाल तर!