काचेच्या भांड्यातलं थडगं

‘‘अगं, खायच्या पदार्थात ही कसली थडगी? अभद्र कुठलं!’’

आजी स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. ओट्यावर मोठं काचेचं भांडं होतं आणि शेजारी बिस्किटांचा चुरा, कोको आणि रंगीबेरंगी गांडुळांचं पाकीट! नऊ वर्षांची नात बाह्या सरसावून उभी होती.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ऑक्टोबर संपत आला होता. दारापुढच्या झाडांची पानं लालभडक होऊन गळत होती. ३१ तारखेला हॅलोविन आणि त्या संध्याकाळी नातीच्या आठ मैत्रिणी घरी येणार होत्या. तिला ‘स्मशान पुडिंग’ करायचं होतं. काळ्या मातीचे थर, त्यात वळवळणारी गांडुळं आणि वर बिस्किटांची थडगी.

सूनबाईचा चेहरा मात्र पडला होता. सासऱ्यांना जाऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. वर्षश्राद्ध उरकून मुलाने आईला सांगलीहून आणलं, तेव्हापासून घरात एक अलिखित नियम झाला होता, आजीसमोर आजोबांचं नाव काढायचं नाही. त्यांचा फोटोसुद्धा आतल्या खोलीत हलवला होता. भाद्रपदात पितृपक्षाचं पान मागच्या अंगणात ठेवलं, तेव्हा कावळा आलाच नाही. एका गुबगुबीत खारीने येऊन वडा पळवला. नात खुदकन हसली आणि बापाने डोळे वटारले. खरं तर त्या क्षणी आजीलाही हसू येत होतं, पण सगळ्यांचे गंभीर चेहरे पाहून त्यांनी ते गिळलं.

‘‘आई, तुम्ही आत जाऊन पडा जरा. मी हिला दुसरं काहीतरी करून देते,’’ सूनबाई घाईघाईने म्हणाली.

‘‘थांब गं. आधी मला सांग, ही गांडुळं कशाची?’’

सूनबाईने पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. जिलेटिन! म्हणजे जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून काढलेलं. आजींनी पाकीट दोन बोटांनी उचलून बाजूला सारलं.

‘‘ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानातून चायना ग्रास आणलंय ना परवा? ते काढ. समुद्रातल्या शेवाळाचं असतं. गांडुळंच हवीत ना, मी करून देते!’’

मग काय, स्वयंपाकघराचा ताबा आजींकडे गेला. त्यांनी ५ ग्रॅम चायना ग्रास अर्धा तास भिजवलं, दीड कप पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळलं, त्यात चार चमचे साखर आणि बिटाचा रस घातला. सरबताच्या नळ्यांची जुडी रबराने बांधून उंच पेल्यात उभी केली आणि नळ्या भरतील असं ते पाणी ओतलं. गार झाल्यावर एकेक नळी दाबताच लालचुटुक गांडूळ बाहेर! नात आनंदाने उड्या मारू लागली.

तोवर सूनबाईने ३६ क्रीम बिस्किटांचा चुरा केला. तीन कप दूध, पाऊण कप साखर आणि पाव-पाव कप कॉर्नफ्लोअर व कोको गुठळी न होऊ देता शिजवून पुडिंग गार केलं. २२५ ग्रॅम क्रीम चीज अर्धा कप पिठीसाखरेबरोबर फेटून त्यात कपभर घुसळलेलं क्रीम मिसळलं. तळाशी चुरा, त्यावर पुडिंग, त्यावर पांढरं क्रीम, मधूनमधून गांडुळं, असे दोनदा थर लावले. सगळ्यात वर चुऱ्याची जाड माती पसरली आणि भांडं चार तासांसाठी फ्रिजमध्ये गेलं.

ज्या सणाला आजी अभद्र म्हणत होत्या, त्याचं मूळही पितरांशीच जोडलेलं आहे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांच्या स्मरणाचा. त्याच सुमारास, हिवाळ्याच्या तोंडाशी, मेलेली माणसं परत येतात, अशी आयर्लंडमधली जुनी समजूत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गोरगरीब या दिवसांत दारोदार जात, घरच्यांच्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात त्यांना छोटे गोड केक मिळत. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर हा सण अमेरिकेत पोहोचला. तिकडे सलगम कोरत, इथे भोपळा मिळाला. आपण पान वाढून कावळ्याची वाट पाहतो, ते दाराशी आलेल्याच्या हातावर गोड ठेवत. गेलेल्यांच्या नावाने कुणाच्या तरी तोंडात घास पडावा, ही भावना सारखीच!

संध्याकाळी लांबट बिस्किटांवर वितळलेल्या चॉकलेटने थडग्यांवरची नावं लिहायची होती. नातीने ‘भूतोबा’, ‘हडकेश्वर’ अशी गमतीची नावं काढली. शेवटच्या बिस्किटावर मात्र, रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘आजोबा. लाडूचोर.’

सूनबाईने झटकन ते बिस्किट उचललं. ‘‘काय हे! आई, लहान आहे हो ती, तिला कळत नाही...’’

आजींनी हात पुढे केला. बिस्किट हातात घेऊन चष्मा वर सरकवत वाचलं. क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग आजी हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

‘‘खरंच चोर होते गं! डॉक्टरांनी गोड बंद केलं, तर बेसनाचे लाडू सायकलच्या पिशवीत लपवायचे. मुंग्यांची रांग लागली, तेव्हा सापडले!’’

‘‘मलापण द्यायचे आजी, फळीमागे लपून!’’

दारात उभा असलेला मुलगाही पुढे आला. त्याच्याकडेही लाडूंच्या गोष्टी होत्या. सव्वा वर्षात पहिल्यांदाच त्या घरात आजोबांबद्दल मोकळेपणाने बोलणं चाललं होतं. आजीच शेवटी म्हणाल्या, ‘‘तुम्ही त्यांचं नाव घेत नव्हता, तेव्हा मला वाटायचं, तुम्ही सगळे विसरलात की काय.’’

सूनबाई खाली मान घालून उभी राहिली. मग आत जाऊन तिने फोटो आणला आणि पुन्हा दिवाणखान्यात लावला.

पार्टी रंगली, गांडुळांचा फडशा पडला. ‘लाडूचोर’ थडग्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. रात्री नातीने विचारलं, ‘‘आजी, हे कुणी खायचं?’’

आजींनी बिस्किटाचे दोन तुकडे केले, एक नातीच्या हातावर ठेवला.

‘‘त्यांना गोड मनाई होतं ना? त्यांच्या वाटणीचं आता आपण खायचं.’’