फाइलसुद्धा घरी आण

धरमपेठ, नागपूर

चि. सौ. सोनू,


तुझं पत्र आलं आणि घरात आनंदीआनंद झाला. सहा वर्षांची मुलगी, तिचे अहवाल वाचून तुम्ही दोघांनी होकार कळवलात, आता 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, ना-हरकत पत्राची वाट. सगळं मनासारखं. फक्त तुझ्या एका वाक्यापाशी मन अडलं. 'नाव बदलू, जुनं काही तिला आठवू द्यायचं नाही, पाटी कोरी करून सुरुवात करू.' त्यामागची माया कळते. पण तसं होऊ नये असं फार मनापासून वाटतं. का, ते सांगायला आपल्याच गावातून निघालेल्या एका मुलापासून सुरुवात करते.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमपासून जवळ हेमस्टेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले महापौर फाल्गुन बिन्नेंडाइक. नावाचा पहिला भाग आपला, कारण माणूसच आपल्या नागपूरचा. १९८५ च्या फेब्रुवारीत त्यांचा इथे जन्म झाला. तीन दिवसांचं बाळ आईने मातृसेवा संघाच्या संस्थेत सोपवलं. तिथल्या एका परिचारिकेने महिन्यावरून नाव ठेवलं फाल्गुन. डच दांपत्याने त्याला दत्तक घेतलं, नाव तसंच राहू दिलं आणि तो कुठून आला हे त्याच्यापासून कधी लपवलं नाही. आज चाळिशी ओलांडलेला हा माणूस, मान आहे, पद आहे, तरी जन्मदात्या आईच्या शोधात नागपूरला येतो. डच आईवडिलांनी प्रेमात काही कमी केलं म्हणून तो येत नाही. प्रेम भरपूर मिळालेल्या मुलालाही आपण कुणाचे, हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर शोधायला सात समुद्र ओलांडून यावंसं वाटतं.

मातृसेवा संघ तुला माहीत आहेच, आपल्या घरातल्या कितीतरी बाळंतपणांशी ते नाव जोडलेलं आहे. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ मध्ये तो सुरू केला. कमलाताई स्वतः बालविधवा. परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि ज्या बायकांना बाळंत व्हायला धड जागा नव्हती त्यांच्यासाठी दार उघडलं. त्या काळी कुमारी माता किंवा विधवा अशा दारात येई ती आपलं नाव कुठे फुटू नये या एकाच आशेने. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हाही गुप्तता हाच त्या बाईचा मोठा आधार होता. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी स्वतःच दत्तक घेतलं. आईबद्दल कागदावर थोडकं लिहिणं ही त्या दिवसांत दयाच होती. तिचा जीव त्याने वाचला. मुलाच्या वाट्याला मात्र पुढे रिकामी ओळ आली.

परदेशी गेलेल्या मुलांचा प्रश्न आणखी अवघड होता. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा परक्या धर्माच्या पालकांना लागू नव्हता. मग १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली न्यायालयातून फक्त पालकत्व घ्यायचं, मूल विमानात बसवायचं आणि खरं दत्तकविधान तिकडे गेल्यावर तिकडच्या कायद्याने करायचं, अशी रीत पडली. मधल्या काळात ते मूल कायद्याच्या दृष्टीने कुणाचंच दत्तक मूल नसे. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. परदेशी दत्तक देण्याच्या नावाखाली संस्था काय काय करतात, याबद्दल एका परदेशी नियतकालिकात छापून आलेली माहिती त्यांनी त्यात मांडली होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवतींनी निकाल दिला: मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच मूल जाईल, परक्या देशातल्या पालकांचा गृहभेट अहवाल लागेल, आधी भारतातलं घर शोधलं जाईल, आईवर दडपण आणायचं नाही आणि तिला फेरविचाराला वेळ द्यायचा. मोठेपणी मुलाने जन्मदात्यांबद्दल विचारलं तर ती माहिती द्यायला फारशी हरकत नसावी, असंही त्या निकालात आहे. फाल्गुनचा जन्म या निकालानंतर साधारण वर्षभराने झाला.

निकाल लागला तरी माणसं बदलायला वेळ लागतो. अरुण डोले पुण्यात १९७३ मध्ये जन्मले, जर्मनीत वाढले. मोठे झाल्यावर परत येऊन संस्थेकडे आपली नोंद मागितली, तर नकार मिळाला. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून त्यांनी स्वतःचेच कागद मिळवले आणि मग आईला भेटले. आपल्या जन्माचा कागद मिळवायला एका माणसाची इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात जावीत, याची चीड येते. त्याच २०१० मध्ये पुण्याच्या प्रीत मंदिरावर सीबीआयने गुन्हा नोंदवला. परदेशी पालकांकडून पैसे उकळण्याचे आणि कागदांत फेरफार केल्याचे आरोप होते. नेदरलँड्सने तर जुन्या परदेशी दत्तकांची चौकशी केली, २०२१ मध्ये नवे अर्ज थांबवले आणि २०२४ मध्ये हा मार्गच हळूहळू पूर्ण बंद करायचं ठरवलं. ज्या देशाने फाल्गुनला घर दिलं त्याच देशाने दार लावलं. ते बरोबर की चूक, यावर तिकडेही वाद आहेच. पण खोट्या किंवा अर्ध्या कागदांवर उभं राहिलेलं दत्तक मुलाला पन्नाशीतही छळतं, हे त्यांच्या चौकशीतून ठळक झालं.

तुमच्या वेळी कायदा पुष्कळ सुधारला आहे. भारताने २००३ मध्ये परदेशी दत्तकांबाबतचा हेग करार मान्य केला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल दत्तकासाठी मोकळं झाल्यावर साठ दिवस इथल्या किंवा अनिवासी भारतीय घराची वाट पाहतात, मग परदेशी पालकांचा विचार होतो आणि त्यांतही तुमच्यासारख्या ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या, जोडप्याला आधी संधी मिळते. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं आणि अपंग मुलं यांना परदेशी घर देण्यात पहिला मान दिलेला आहे. कारण उघड आहे आणि दुखरंही आहे: आपल्याकडे बहुतेकांना तान्हं बाळ हवं असतं. सहा वर्षांची मुलगी इथल्या कुणी नेली नाही म्हणून ती तुमच्या वाट्याला आली. पैशांचंही आता बांधलेलं आहे. संस्थेला पाच हजार डॉलर, त्यापलीकडे देणगी कुणी मागायची नाही आणि तुम्ही द्यायची नाही. आदेशही १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आता तुझ्या कोऱ्या पाटीबद्दल. सहा वर्षांच्या मुलीची पाटी कोरी नसते गं. ती वऱ्हाडी बोलते, तिची एखादी लाडकी मावशी असेल संस्थेत, शेजारच्या पलंगावरची मैत्रीण असेल. त्याआधीचं एखादं घर, एखादी नदी, बसस्टँड, कोंबड्या असतील डोक्यात. खांडव्याच्या सरू ब्रायर्लीची गोष्ट आठव, 'लायन' सिनेमा ज्याच्यावर निघाला तो. पाच वर्षांचा पोरगा रेल्वेत झोपला आणि कोलकात्याला पोचला. १९८७ मध्ये टास्मानियातल्या दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. त्याला स्वतःचं नावसुद्धा नीट म्हणता येत नव्हतं, शेरूचा सरू झाला होता. मोहल्ल्याचं नाव गणेश तलाई, तेही तोंडातून भलतंच निघायचं. पण तिकडच्या आईने एक शहाणपणा केला. मुलगा जे सांगेल ते ऐकलं आणि आपल्या वहीत त्याच्या गावाचा नकाशा उतरवला: स्टेशन इथे, पूल इथे, घर तिकडे. हरवल्यापासून पंचवीस वर्षांनी संगणकावरच्या उपग्रह नकाशात त्याने तेच स्टेशन आणि तोच पूल ओळखला. २०१२ मध्ये तो खांडव्यात आला तेव्हा जन्मदाती आई अजून तिथेच राहत होती. मुलगा येईल म्हणून तिने गाव सोडलं नव्हतं. आणि ऑस्ट्रेलियातली आई? ती आजही त्याची आईच आहे. नकाशा काढून तिचं काहीएक कमी झालं नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेव. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिही, तारीख टाक. सुधारू नकोस, अर्थ लावू नकोस. तिचं पहिलं नाव राहू दे, आडनाव तर तुमचंच लागणार आहे. आणि 'आठवू देणार नाही' असं तिच्यासमोर कधी बोलू नकोस. आठवण दाबली की मूल ती एकटंच सांभाळत बसतं, आणि आपल्या आईबाबांना जे चालत नाही ते आपल्यात आहे असं समजून चालतं.

संस्थेत आलीस की गडबडीत परतू नको. ना-हरकत पत्र मिळालं की आदेश होईपर्यंत हमीपत्र देऊन मुलीला भारतातच आपल्याजवळ ठेवता येतं. ते दिवस इथे, आपल्या घरी काढा. या काळात कागद गोळा कर. बाल कल्याण समितीने तिला दत्तकासाठी मोकळं ठरवल्याचा आदेश, बालकाचा अहवाल, वैद्यकीय तपासणी, लसीकरणाचं कार्ड. ती सापडलेली असेल तर कुठल्या पोलीस ठाण्यात नोंद झाली, कोणत्या तारखेला, हे विचार. अशा मुलाचा फोटो नातेवाइकांच्या शोधासाठी वर्तमानपत्रात छापतात, त्याचं कात्रण मिळतं का पाहा. आईने स्वतः सोपवलेली असेल तर फेरविचाराचे साठ दिवस तिला मिळाले असणारच. तिचं नाव तुला सांगणार नाहीत आणि तो तिचा हक्क आहे, त्यावर हट्ट धरू नकोस. मोठेपणी मुलीने स्वतः अर्ज केला तर 'कारा' आणि संस्था शोधाला मदत करतात. आईची संमती असेल तर भेटही होते. त्रयस्थ माणसाला मात्र हा शोध घेता येत नाही, त्यामुळे पैसे घेऊन शोधून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी तिला पुढे लागू द्यायचं नाही. संस्थेच्या आवाराचे, तिच्या खोलीचे, सांभाळणाऱ्या मावश्यांचे फोटो त्यांची परवानगी घेऊन काढ. ती तिथे कोणती गाणी म्हणते, कशाला घाबरते, झोपताना काय लागतं, हे मावश्यांना विचार. अहवालात हे कुणी लिहीत नाही, आणि पहिल्या महिन्यात याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

सगळ्यांनाच शोध घ्यावासा वाटतो असंही नाही, हे तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगते. लिसा स्थळेकर १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मली, ससूनशी जोडलेल्या 'श्रीवत्स' संस्थेतून हरेन आणि सू स्थळेकर यांनी तिला घरी नेलं. अमेरिका, केनिया करत घर सिडनीत स्थिरावलं. ती ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा करून शंभर बळी घेणारी पहिली बाई ठरली. २०१३ चा विश्वचषक मुंबईत ब्रेबॉर्नवर जिंकून तिने आंतरराष्ट्रीय क्रिकेटला रामराम केला. तिचा जन्म कुठे झाला हे तिच्या घरात कधी गुपित नव्हतं. ज्या मुलाला सगळं ठाऊक असतं त्याला शोधायचं की नाही हे स्वतः ठरवता येतं. तुझ्या मुलीच्या हाती तेवढं दे.

आणखी एक, हे जावईबापूंनाही वाचून दाखव. मुंबईतून १९८९ मध्ये एक लहान मुलगी दत्तक म्हणून तुमच्याच अमेरिकेत गेली. तिच्या नागरिकत्वाचे कागद पुरे करायचे कुणी बघितलंच नाही. पुढे ती कायद्याच्या कचाट्यात सापडली आणि २००८ मध्ये, दोन मुलांची आई असताना, तिला परत मुंबईला पाठवण्यात आलं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. तिच्यासारख्या मुलांसाठी तिकडे कायदा झाला तो २००१ च्या फेब्रुवारीत लागू झाला, पण त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. तुमच्या मुलीला आता तिकडे पोचताच नागरिकत्व मिळेल. तरी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट दोन्ही हातात पडेपर्यंत स्वस्थ बसू नका. इकडून निघतानाही दत्तक आदेश, तुमची नावं असलेला जन्मदाखला, पासपोर्ट आणि हेग कराराखालचं प्रमाणपत्र, चारही हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. पुढची दोन वर्षं अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. कंटाळू नका, तेही फाइलला लावत जा.

जिल्हाधिकाऱ्यांकडची तारीख कळली की लगेच सांग. मे महिन्यात आलात तर पहाटेचं विमान बघा, दुपारी धावपट्टीवर उतरवत नाही इतकं ऊन असतं. तिच्यासाठी वरची खोली रिकामी करून घेतली आहे, कूलरला नवीन वाळा बसवायला सांगितला आहे. मावश्यांकडून तिला पोळी आवडते की भात, तेवढं मात्र तू आधी विचारून कळव.

तुझी,
मावशी