दाराबाहेरचे बाक

साहित्याच्या अध्यापनात आणि समीक्षेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना एक सवय जडते. अनुभव समोर आला की तो भोगण्याआधी त्याला नाव द्यावे, त्याची जात ठरवावी, पूर्वसूरींनी त्याविषयी काय म्हटले आहे ते आठवावे. या सवयीने मला अन्न दिले आणि थोडाफार मानही दिला. तेव्हा तिच्याविषयी कृतघ्न होण्याचे मला कारण नाही. परंतु आयुष्यात एकदा ती माझ्या काहीही उपयोगाला आली नाही. त्या दिवसांविषयी मी आजवर लिहिले नव्हते. ज्या व्यक्तीचे ते दिवस खऱ्या अर्थाने होते, तिने आता परवानगी दिली आहे, म्हणून लिहिते.

माझी मुलगी १९८८ साली सोलापूरला जन्मली. ती तीन महिन्यांची असताना, रडू लागली की तिच्या ओठांवर निळसर छटा येते, हे प्रथम सासूबाईंच्या लक्षात आले. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, ‘‘हे दृष्टीचं नाही. डॉक्टरांकडे जा.’’ तपासण्या झाल्या. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शरीराला रक्त पुरवणारी महारोहिणी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली, असे चार दोष एकत्र आले होते. आर्थर फॅलो या फ्रेंच वैद्याने १८८८ साली या चौकडीचे नेमके वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याने तिला ‘निळा आजार’ असेच म्हटले होते. फुप्फुसात न जाताच बरेचसे अशुद्ध रक्त अंगभर फिरते आणि मूल निळे पडते.

त्या वर्षी मी एम. ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरांच्या विराण्या शिकवीत होते. सावळा, निळा हा आपल्या परंपरेत परम प्रियाचा रंग. पाळण्यातल्या मुलालाही आपण सावळ्या म्हणून आळवतो. त्या रचनांतील निळाईविषयी मी पूर्वी तासभर बोलत असे. त्या वर्षी ते पान आले तेव्हा मी विद्यार्थ्यांना ते घरी वाचून यायला सांगितले. विद्यार्थ्यांनी कारण विचारले नाही आणि मीही दिले नाही.

मूल चालू लागले तसे आणखी एक लक्षात आले. दहा पावले टाकली की ती उकिडवी बसे. अंगणात, रस्त्यात, लग्नाच्या मांडवातही. पाहणारे हसत. वस्तुतः ते तिच्या शरीराने स्वतःच शोधलेले औषध होते. उकिडवे बसल्याने पायांकडील रक्तवाहिन्यांवर दाब येतो आणि थोडे अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते. तिला झटका येऊन ती काळीनिळी पडली तर तिचे गुडघे छातीशी घट्ट दाबून धरायचे, हे डॉक्टरांनी आम्हांला शिकवले होते. मी ते अनेकदा केले. माझ्या हातांना आजही तो दाब आठवतो. किती जोर लावावा आणि कधी सैल करावा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते.

शस्त्रक्रियेसाठी फेब्रुवारी १९९३ मध्ये आम्ही मद्रासला गेलो. शहराचे नाव तेव्हा चेन्नई झाले नव्हते. वाडी, रायचूर, गुंतकल करीत गाडी दक्षिणेकडे सरकत होती आणि फलाटांवरची लिपी बदलत होती. माझ्या पिशवीत मुलीच्या कपड्यांखाली माझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण होते. विषय करुण रसाचा होता. रुग्णालयात वेळ मिळेल, तेव्हा ते तपासून होईल, असा माझा हिशेब होता. हे आज लिहिताना मला संकोच वाटतो, पण खरे तेच सांगितले पाहिजे.

बालकक्षात मुलाजवळ एकाच माणसाला राहण्याची मुभा होती. शेजारच्या खाटेवर नेल्लोरकडचा सहा वर्षांचा एक मुलगा होता; त्याची आई तेलुगूखेरीज काही बोलत नसे. मला तेलुगू येत नव्हते. आमच्यामध्ये दुभाषी झाली ती नोंदणीच्या टेबलावर काम करणारी एक मध्यमवयीन बाई. सतराव्या शतकात भोसल्यांबरोबर तंजावरला गेलेल्या कुटुंबांपैकी तिचे घराणे होते आणि घरात ती तंजावरी मराठी बोलत असे. तिची मराठी माझ्या कानाला कधी जुन्या बखरीसारखी, कधी तमिळच्या चालीवर चालल्यासारखी वाटे. पहिल्या दिवशी मी अभ्यासकाच्या कुतूहलाने तिचे शब्द टिपून घेतले. दुसऱ्या दिवसापासून ते टिपण थांबले, कारण मला फक्त तिने काय सांगितले एवढेच हवे होते.

हृदयावरच्या शस्त्रक्रियेसाठी ताजे रक्त लागते आणि त्या काळी ते रुग्णाच्या आप्तांनी उभे करायचे असे. माझ्या पतींचा रक्तगट जुळत नव्हता, माझे रक्त पातळ निघाले, माझा भाऊ एकटाच कामाला आला. परक्या शहरात आणखी माणसे कोठून आणावीत? त्या तेलुगू बाईचा दीर पुढे झाला. त्याचा गट आमच्या मुलीशी जुळत होता आणि माझ्या पतींचा त्यांच्या मुलाशी. दोघे पुरुष शेजारी-शेजारी पडून रक्त देऊन आले आणि बाहेर येऊन एकमेकांशी एकही शब्द न बोलता चहा प्यायले.

आदल्या रात्री मुलीने मला विचारले, ‘‘तू आत येणार ना?’’

मी म्हणाले, ‘‘येणार.’’

‘‘पूर्ण वेळ?’’

‘‘पूर्ण वेळ.’’

सकाळी चाकांच्या खाटेवरून तिला नेले. मोठ्या दाराशी परिचारिका थांबली आणि मला हाताने खूण केली. मुलीच्या मुठीत माझ्या लुगड्याचा पदर होता. परिचारिकेने तो सोडवण्यासाठी हात पुढे केला. तेव्हा मीच म्हणाले, ‘‘थांबा.’’ आणि तिची बोटे मी एकेक करून सोडवली. ती रडली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. आईचा पदर हा आपल्या साहित्यातील किती वापरून झिजलेला शब्द आहे, हे मी पूर्वी एका परीक्षणात जरा उपहासाने लिहिले होते. त्यानंतर तो उपहास मी कधी केला नाही.

दाराबाहेर एक लांब लाकडी बाक होते. त्यावर मी सकाळी साडेसातपासून संध्याकाळी चारपर्यंत बसले. आत तिचे हृदय थंड करून थांबवले असेल, एक यंत्र तिचे रक्त शुद्ध करून फिरवीत असेल, पडद्याच्या छिद्रावर ठिगळ शिवले जात असेल, एवढे मला ठाऊक होते. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की असे यंत्र हाताशी येण्यापूर्वी, १९५४ साली, अमेरिकेतील मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय या शल्यचिकित्सकाने दुसरीच वाट काढली होती. मुलाशेजारी आई किंवा वडील यांना निजवून दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडायच्या. मुलाचे रक्त मोठ्या माणसाच्या शरीरात जाऊन, त्याच्या फुप्फुसात शुद्ध होऊन परत यायचे. अशा रीतीने ४५ शस्त्रक्रिया झाल्या. फॅलोच्या चौकडीवरची पहिली पूर्ण दुरुस्ती याच पद्धतीने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाली. त्या मुलाचा रक्तगट दुर्मिळ असल्याने शेजारी निजलेला दाता त्याच्या नात्यातलाही नव्हता. हे वाचले तेव्हा मला प्रथम मत्सर वाटला. ‘पूर्ण वेळ आत येणार’ हे वचन जगात काही आईबापांनी अक्षरशः पाळले होते. मग नेल्लोरचा तो दीर आठवला आणि मत्सर ओसरला.

त्या दिवशी प्रकरण माझ्या मांडीवर उघडे होते. मी एक ओळही वाचली नाही.

त्यानंतरचे दिवस आकड्यांचे होते. अतिदक्षता विभागात दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे पाहू देत. छातीतून निघालेल्या नळीतून किती रक्त आले, श्वासयंत्राचा आधार किती कमी केला, लघवी किती मिलिलिटर झाली, हे आम्ही बाहेर येऊन एकमेकींना सांगत असू. भाषा लागत नव्हती. बोटे पुरत होती. ‘लघवी चांगली झाली’ यापेक्षा अधिक सुंदर वाक्य त्या आठवड्यात मी ऐकले नाही.

त्या मुलाची शस्त्रक्रिया आमच्यानंतर दोन दिवसांनी झाली. चौथ्या रात्री तो गेला.

येथे मला जे सांगायचे आहे ते सोपे नाही. ती बातमी तंजावरच्या बाईने मला सांगितली, तेव्हा माझ्या मनात उमटलेली पहिली गोष्ट दुःख नव्हती. ‘आपली वाचली आहे,’ ही होती. जणू त्या कक्षातून एक जीव जायचाच होता आणि तो आमच्या खाटेवरून टळला, असा एक रानटी हिशेब क्षणात होऊन गेला. नंतर मी रडले, पुष्कळ रडले. पण ते नंतर.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे त्यांपैकी एक. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात बुडाला असेल तर समोरच्या शोकाचे साधारणीकरण होत नाही. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते आणि त्याला एक तांत्रिक अडथळा समजत होते. तो अडथळा नाट्यगृहापुरता नाही, तो माणसाच्या शेजारधर्माच्या मुळाशी आहे, हे त्या रात्री कळले. शोक सर्वांचा होण्यासाठी आधी आपली भीती बाजूला ठेवावी लागते; आणि आईला ती ठेवता येत नाही. निघण्यापूर्वी ती बाई मात्र आमच्याकडे आली. माझ्या मुलीच्या केसांत तिने मोगऱ्याचा छोटा गजरा माळला, तिच्या हनुवटीला बोटे लावून ती ओठांना लावली आणि गेली. मला जे साधले नाही ते तिला साधले होते. तिने कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता.

मुलगी कक्षात परतली. ओठ गुलाबी होते. नखे गुलाबी होती. मी पाहतच राहिले; पण तिने माझ्याकडे पाहिले नाही. परिचारिकेच्या हातून ती दूध पिई, वडिलांच्या हातून बिस्कीट घेई. मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड फिरवी. असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, ‘‘तू आत नव्हतीस.’’

तिला गुंगीत काही कळले नसेल, असे सांगणे शक्य होते. सुटकेची एक वाट समोर दिसत होती. मी म्हणाले, ‘‘नव्हते. मी तुला खोटं सांगितलं.’’

बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘‘मग कुठे होतीस?’’

‘‘दाराबाहेर. बाकावर.’’

‘‘जेवायला गेलीस?’’

‘‘नाही.’’

‘‘नुसती बसलीस?’’

‘‘नुसती बसले.’’

तिने मान वळवली. थोडा विचार केला आणि दूध मागितले.

पुढे बालमानसशास्त्राचे वाचन करताना समजले की हे तोंड फिरवणे अभ्यासकांना परिचित आहे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली लंडनच्या रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. आईपासून तुटलेले मूल आधी आक्रोश करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्या काळी तेथे आईबापांना ठरावीक वेळीच भेटू देत. १९५९ सालच्या प्लॅट समितीच्या अहवालाने ही पद्धत बदलावी अशी शिफारस केली. आज आपल्याकडेही काही रुग्णालयांत मूल गुंगीत जाईपर्यंत आईला जवळ थांबू देतात. हे वाचून मला समाधान झाले; पण माझ्या बाबतीत प्रश्न केवळ दाराच्या नियमाचा नव्हता. दार बंद राहणार हे मला आदल्या रात्री ठाऊक होते. तरी मी शब्द दिला, कारण मला ती रात्र सोपी करायची होती. तिची की माझी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

प्रबंध मी पुढे पुरा केला. चौथे प्रकरण नव्याने लिहिले. परीक्षकांनी ते सर्वांत संयत प्रकरण असल्याचे म्हटले. त्या संयमाची किंमत कोणी विचारली नाही.

या आजाराची दुरुस्ती म्हणजे कायमची सुटका नव्हे. अरुंद वाट रुंद करताना फुप्फुसाकडील झडप अनेकदा निकामी होते आणि वर्षानुवर्षे गळत राहून उजवा कप्पा पसरू लागतो. २०१८ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, माझ्या मुलीला ती झडप बदलून घ्यावी लागली. या वेळी रुग्णालय पुण्यात होते आणि संमतिपत्रावर सही तिची होती. आदल्या रात्री मी तिच्याजवळ बसले होते. काय बोलावे ते सुचत नव्हते. एवढी पुस्तके वाचूनही सुचत नव्हते. तीच म्हणाली, ‘‘बाहेर बाक आहे का गं, बघितलंस?’’

मी म्हणाले, ‘‘बाक नाही. खुर्च्या आहेत.’’

‘‘मग खुर्चीवर बस. आणि या वेळी मधे जेवून घे.’’

सकाळी दाराशी तिने माझा हात धरला आणि तिनेच तो सोडला. मी खुर्चीवर जाऊन बसले. पिशवीत एकही पुस्तक नव्हते. दुपारी एक वाजता मी उठले, उपाहारगृहात जाऊन भात-आमटी खाल्ली आणि परत येऊन बसले. या वेळचा शब्द तिने मागून घेतला होता आणि तो पाळण्याजोगा होता.