खालची ओळ

न्यूकॅसलहून साउथ शील्ड्सला जाणाऱ्या मेट्रोत शेजारच्या म्हाताऱ्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, की गाडी बीडला आलीय, मी पोचतेच. मी चमकून खिडकीबाहेर पाहिलं. ओला फलाट, तारेचं कुंपण, त्यामागं कारखान्यांची छपरं, आणि पाटीवर चार इंग्रजी अक्षरं. माझी आत्या बीडला असते. लहानपणी मंगळवेढ्याहून एसटीनं तिच्याकडं जाताना शेवटचा तासभर मी दर गावाला विचारायची, बीड आलं का? आणि इथं, टाइन नदीच्या काठानं जाणाऱ्या गाडीत, न विचारताच बीड आलं होतं.

हा बीड म्हणजे माणूस. सातव्या वर्षी घरच्यांनी त्याला मठात सोपवलं, आणि त्यानं सारं आयुष्य वेअरमथ आणि जॅरोच्या जुळ्या मठात लिहिण्यात-शिकवण्यात घालवलं. त्यानं इंग्रजांच्या धर्मसंस्थेचा इतिहास ७३१ मध्ये पुरा केला. तो लॅटिनमध्ये, कारण विद्वानांची भाषा तीच. ७३५ च्या मे महिन्यात तो गेला, तेव्हाची हकिगत त्याच्या एका शिष्यानं पत्रात लिहून ठेवली आहे. श्वास लागत असतानाही तो योहानाचं शुभवर्तमान आपल्या लोकांच्या बोलीत आणत होता. लिहून घेणाऱ्या पोरानं सांगितलं, की एक वाक्य राहिलंय. तेवढं त्यानं सांगितलं, आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. जन्मभर लॅटिन लिहिलेल्या माणसाचे शेवटचे दिवस आईच्या भाषेत गेले. ज्ञानेश्वरीच्या साडेपाचशे वर्षं आधीची ही गोष्ट. त्याचं ते भाषांतर मात्र आज कुठंच उरलेलं नाही.

त्याची समाधी मी नोव्हेंबरात डरहॅमला पाहिली होती. आगगाडी उंच पुलावरून शहरात शिरते आणि नदीच्या वळणात, टेकडीवर, ते कॅथीड्रल एकदम समोर येतं. १०९३ साली त्याचा पाया घातला. आतले खांब जेवढे उंच तेवढाच त्यांचा घेर, आणि त्यांवर नागमोडी, चौकटी, पिळाच्या खोल रेघा कोरलेल्या. मी पुष्कळ वेळ एका खांबाला हात लावून उभी होते. दगड गार होता, पण हात काढवत नव्हता. पश्चिमेच्या टोकाला जमिनीत काळ्या दगडाची एक रेघ आहे. मध्ययुगात बायकांनी त्या रेघेच्या पुढं, संत कथबर्टच्या समाधीकडं, जायचं नाही असा नियम होता. बायकांसाठी रेघेच्या अलीकडं, अगदी पश्चिमेला, गॅलिली चॅपल बांधलं होतं. मी ती रेघ ओलांडली, परत मागं आले, पुन्हा ओलांडली. आमच्या मंगळवेढ्याच्या चोखोबांना पंढरीत आत जाता आलं नाही, गावकुसाची भिंत अंगावर पडून ते गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. वारीत तिथं टेकलेलं आज्जीचं डोकं मला आठवलं. आपल्याला अडवणारी रेघ जिथं संपते, तिथंच आपलं माणूस बसलेलं असतं, असं ती म्हणायची. गॅलिली चॅपलमध्ये साध्या दगडाखाली बीड आहे. रेघेच्या अलीकडं, बायकांच्या बाजूला.

जानेवारीत आज्जी गेली.

पहाटे साडेतीनला आप्पांचा फोन आला. मागं आत्याचा आवाज येत होता. ती बीडहून रातोरात आली होती. 'गेली गं माझी माय, गेली गं' एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि दर खेपेला शेवटचा 'गं' लांबत, चढत, फाटत जायचा. मला तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपणार होतं, म्हणून आप्पा म्हणाले, तू येऊ नकोस. सकाळी मी विद्यापीठाला ईमेल लिहिली, निबंधाला मुदत मागणारी. आजीचं निधन झालं, अंत्यविधीला जाता येत नाही, आठ दिवस मिळावेत. तिथल्या लोकांनी मायेनं लगेच उत्तर दिलं, मुदतही दिली. माझ्या इंग्रजीत एकही चूक नव्हती. पण पाठवून झाल्यावर मी ती ईमेल तीन-चारदा वाचली, आणि मला ती दुसऱ्याच कुणाच्या आजीबद्दलची वाटत राहिली. आत्याचा तो 'गं' मी कुठं लिहिणार होते?

म्हणून एप्रिलमध्ये, उन्हाळी हंगामासाठी दारं उघडल्यावर, मी साउथ शील्ड्सला अर्बिया हा रोमन किल्ला पाहायला गेले, ती खरं तर एका ओळीसाठी. एका व्याख्यानात त्या ओळीचं चित्र पडद्यावर दोन मिनिटं दिसलं होतं आणि मग पुढचं चित्र आलं होतं.

आधी थोडं या भागातल्या रोमन भिंतीबद्दल. सम्राट हेड्रियननं १२२ साली ब्रिटनच्या अरुंद कमरेवर, समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत बांधायला घेतली. लांबी सुमारे ११७ किलोमीटर. आजही तिच्या कडेनं बस जाते आणि तिचा क्रमांकच एडी १२२ आहे. ऑक्टोबरात मी त्या बसनं व्हिंडोलांडाला गेले होते. तिथल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून पोस्टकार्डाएवढे लाकडाचे पातळ पापुद्रे कुजले नाहीत. त्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं १९७३ पासून सापडू लागली. कुणी मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचं कळवतंय, कुणी हिशेब मांडतंय. सगळ्यांत मला जवळचं वाटलं ते क्लॉडिया सेव्हेरा या बाईचं निमंत्रण. जवळच्या ठाण्यावरच्या सेनाधिकाऱ्याची ही बायको. सप्टेंबरच्या ११ तारखेच्या आपल्या वाढदिवसाला तिनं सुल्पिशिया लेपिडिनाला बोलावलंय. पत्र लेखनिकाच्या घोटीव अक्षरात आहे, आणि खाली कोपऱ्यात दोन-चार ओळी वेगळ्या हाताच्या, जरा अडखळत्या. त्या सेव्हेराच्या स्वतःच्या. तिनं मैत्रिणीला बहीण म्हटलंय, आणि जिवाभावाचा निरोप घेतलाय. बाईच्या हातची लॅटिन अक्षरं म्हणून ज्ञात असलेल्यांत या ओळी सगळ्यांत जुन्यांपैकी आहेत. अधिकृत ते सगळं लेखनिकानं लिहिलं, आणि आतलं तिनं स्वतः.

अर्बियाचा किल्ला टाइनच्या मुखावर, एका चढावर आहे. भोवती विटांची जोडघरं, दारांत कचऱ्याच्या चाकांच्या पेट्या, दोरीवर कपडे, आणि मधेच गवतात रोमन इमारतींच्या पायाच्या रांगा. रोमन सैन्याला उत्तरेकडं धान्य पुरवणारं हे ठाणं होतं. एकामागं एक कोठारं, त्यांच्या खालून हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या दगडी आधारांच्या ओळी. ज्वारीचं पेव पाहिलेल्या मला ते लगेच कळलं. धान्याला ओल लागू द्यायची नाही ही काळजी सगळीकडं एकच. चौथ्या शतकात इथं टायग्रिस नदीवरच्या नावाड्यांची तुकडी होती, अशी नोंद आहे. अर्बिया हे नावही या अरब नावाड्यांवरूनच आलं असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी येमेनी खलाशी येऊन राहिले, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही इथंच आहेत. वारा समुद्राकडून सरळ अंगावर येत होता. टायग्रिसच्या नावाड्याला इथली पहिली थंडी कशी गेली असेल, असं मनात येऊन मी कोट घट्ट आवळला.

ती ओळ ज्यावर आहे तो थडग्याचा दगड संग्रहालयाच्या आत आहे. १८७८ मध्ये सापडलेला, माणसाच्या छातीएवढा उंच. कमानीखाली एक बाई वेताच्या खुर्चीत बसली आहे. उजवा हात दागिन्यांच्या पेटीवर, मांडीवर लोकर कातायची काठी आणि चाती, पायांशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. आमच्याकडं धनगर बाया बसतात तशीच ती बसली आहे, गुडघे थोडे रुंद करून, कामाची. चेहरा मात्र फुटून गेलेला. घडीव कपडे, घडीव बोटं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता खडबडीत दगड.

खाली लॅटिन लेख. तिचं नाव रेजिना, म्हणजे राणी. वय ३०. जात कॅटुव्हेलॉनी, म्हणजे आजच्या लंडनच्या उत्तरेला राहणाऱ्या टोळीतली. पाल्मायराच्या बाराते नावाच्या माणसानं गुलामीतून सोडवलेली, आणि त्याचीच बायको. पाल्मायरा सीरियाच्या वाळवंटातलं, खजुरांचं, उंटांच्या तांड्यांचं गाव. हा माणूस तिथून या थंड नदीच्या तोंडाशी कसा आला, कुणालाच कळलेलं नाही. त्याच्या लॅटिनमध्ये चुका आहेत. जिथं जी विभक्ती हवी ती नाही. राज्यकर्त्यांच्या भाषेत बायकोचं नाव कोरून घेताना तो अडखळला आहे, आणि ते अडखळणं अठराशे वर्षं दगडात तसंच आहे.

आणि त्या लॅटिनच्या खाली, एक ओळ. वेगळी लिपी, उजवीकडून डावीकडं वाहणारी, सफाईदार. इथं चूक नाही. ती त्याच्या गावची भाषा. त्या ओळीत ना टोळीचं नाव आहे ना वय. बारातेनं सोडवलेली रेजिना, आणि मग तीन अक्षरं: ह, ब, ल. पाल्मायरामधल्या थडग्यांवर कोरलेल्या मुखांशेजारी नावाच्या शेवटी हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून उच्चार अंदाजानंच करायचा. हबल, कदाचित.

इंग्रजीत त्याला एक लहानसा उद्गार देतात, पुस्तकांतच उरलेला. मी मराठी शोधत राहिले. 'अरेरे' हे हळहळ वाटल्यावर, रस्त्यात कुणाचं मटकं फुटल्यावरही. 'हाय' हे नाटकातलं. 'हंत' पोथीतलं. मी दगडासमोरच्या बाकावर बसून होते. मुलांचा एक घोळका आला, लाकडी तलवारींचा विषय काढत गेला. मग आपोआप आत्याचा आवाज आला. गेली गं. हबल म्हणजे तो 'गं'. वाक्यात त्याला अर्थ नाही, तो काढला तरी बातमी तीच राहते, आणि तो नसला तर रडणं नाही. बारातेनं लॅटिनमध्ये बातमी कोरली. मग त्याला ते पुरलं नाही.

ही ओळ त्यानं कुणासाठी कोरून घेतली? त्या ठाण्यावर ती वाचणारे किती असतील? खुद्द रेजिनाला ती आली असती का, हाही प्रश्नच आहे. तिची भाषा केल्टिक, त्याची आरामाइक, घरात बोलायला दोघांनाही परकी, मोडकी लॅटिन. मला हे घर ओळखीचं वाटतं. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरात चौघी चार देशांच्या, आणि चुलीपाशी आमची इंग्रजी अशीच, विभक्त्या सांडत चालायची.

एक गोष्ट मात्र मला हात आखडायला लावते. तो तिचा मालक होता. विकत घेतलेल्या बाईचं नाव राणी ठेवणं, तिला मोकळं करणं, तिच्याशी लग्न करणं, या सगळ्यात तिचा होकार किती होता? गुलामाला नाही म्हणता येतं का? तिच्या टोळीत तिला काय नावानं हाक मारत होते, ते कुठंच कोरलेलं नाही. ती स्वतःही घरापासून लांब होती, आणि तिच्या भाषेतली ओळ या दगडावर नाही. त्याच्या दुःखावर माझा विश्वास बसतो. तिच्या सुखाबद्दल मला काही बोलता येत नाही. फुटलेला चेहरा मला त्या दिवशी योग्यच वाटला.

पाल्मायराची देवळं आणि मनोऱ्यांसारखी थडगी २०१५ मध्ये सुरुंग लावून पाडली गेली. बेलचं मंदिर त्यात गेलं. बाराते ज्या गावाला आपलं म्हणून दगडावर लिहून गेला, त्यातलं किती उरलं असेल ते देव जाणे. त्याच्या गावचा एक उसासा इथं, जोडघरांच्या गल्लीत, काळजीनं जपलेला आहे.

जूनमध्ये, प्रबंध देऊन झाल्यावर, मी कॉर्ब्रिजला गेले. टाइनच्या काठानं पश्चिमेकडं जाणारी गाडी, हिरवीगार कुरणं, मेंढ्या. तिथल्या रोमन गावाच्या अवशेषांजवळच्या संग्रहालयात एक लहान थडग्याचा दगड आहे. नावाची सुरुवात तुटलेली, पण उरलेल्या अक्षरांवरून नाव जुळतं, आणि पुढं पाल्मायराचा असंही आहे. निशाणाशी संबंधित काम करणारा. निशाण धरणारा की बनवणारा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वय ६८. तोच हा बाराते का, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण रेजिनाचा दगड पाहून आलेल्या माणसाला दुसरं काही मानवत नाही.

चित्र नाही. खुर्ची नाही, टोपली नाही. थोडकी लॅटिन अक्षरं. त्याच्या लिपीतलं काहीच नाही. म्हणजे तो गेला तेव्हा त्याच्या भाषेत रडणारं तिथं कुणी नव्हतं, किंवा असलंच तर कोरणाऱ्याला अक्षरं सांगू शकणारं नव्हतं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या भाषेतला मला एकच शब्द येतो. स्वर चुकत असतील, तरी तो मी त्या दगडासमोर मोठ्यानं म्हटला, आणि शेवटी लांबवला, आत्या लांबवते तसा.