वाख निसटतो, काच वाचवते

जालन्यात वाढलेल्या पोराला मजबुती म्हणजे सळई. एफई ५०० म्हणजे ५०० मेगापास्कलच्या आत सळईनं दम सोडता कामा नये, हे रोलिंग मिलच्या आसपास राहून ऐकून ऐकून पाठ होतं. त्यामुळं प्रोजेक्टला अंबाडीचा वाख आणि पॉलिप्रॉपिलीन आलं तेव्हा मी खट्टूच झालो. नुसतं पॉलिप्रॉपिलीन ३०-३५ मेगापास्कलला मान टाकतं. आणि अंबाडी म्हणजे भाकरीबरोबरची भाजी, फार तर आजोबांनी वळलेली दावी! टोयोटानं याच वाखापासून मोटारीच्या दारांचे आतले भाग केलेत हे कळल्यावर गप्प बसलो.

वाख घातलेली पट्टी यूटीएमच्या, म्हणजे ओढून तोडणाऱ्या यंत्राच्या जबड्यात आवळून ओढली. ताठपणा वाढला, पण तुटण्याचा आकडा जवळपास होता तिथंच. सरांनी तुटलेलं टोक भिंगाखाली धरायला लावलं. वाखाचे अख्खे केस बाहेर आलेले, शेजारी गुळगुळीत रिकामी भोकं. वाख तुटलाच नव्हता, निसटला होता. त्याला पाण्याची ओढ, प्लास्टिकला पाण्याचं वावडं. म्हणून वाख कॉस्टिक सोड्यात धुवायचा आणि मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन चिमूटभर मिसळायचं, ते दोघांना धरून ठेवतं. तापमानाचीही पंचाईत: पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या सुमारास वितळतं, वाख २०० च्या पुढं करपू लागतो. नायलॉन-६ वितळायलाच २२० लागतात, म्हणजे तो बाद.

मग मजबुती आणखी वाढवायला वाखाच्या जोडीला काचतंतू आले. (हातांची खाज रात्रीपर्यंत जात नाही, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.) सगळी काचच का नको? तिची घनता पाण्याच्या अडीचपट, वाखाची दीडपटीच्या आसपास, वजन वाढतं. शिवाय काच कुठं ठेवता यालाही महत्त्व. पट्टी वाकवली की सगळ्यात जास्त ताण वरच्या-खालच्या पृष्ठभागांवर, मधोमध जवळजवळ शून्य. म्हणून काचेचं कापड बाहेर, वाख आत. तीच काच मधे घातली तर वाकवताना जवळपास फुकट. बाहेरच्या काचेमुळं पाणीही कमी शिरतं. पण सरळ ओढताना थरांच्या क्रमानं फारसा फरक पडत नाही! माल तोच, वजन तेच, आणि उत्तरं दोन.

त्यावर कडी केली आघाताच्या चाचणीनं. तिथं न धुतलेला, निसटणारा वाखच कधीकधी सरस ठरतो, कारण निसटताना घासून तो दणक्याची बरीच ऊर्जा खातो. मी विचारलं, "सर, मग सोडा लावायचा की नाही?"

"आधी सांग, वस्तू कसली करायचीय?"

ते मला अजून ठरवायचंय.